डोंगरात पळायला किती खर्च येतो?

माझ्या स्वयंपाकघरात भाजी-पिठासाठी घेतलेला छोटा वजनकाटा आहे. दर शनिवारी रात्री भांडी आवरून झाली की त्यावर माझी पळायची पिशवी चढते. गेल्या शनिवारी काटा दोन किलो १८० ग्रॅमवर थांबला. त्यातलं एक किलो नुसतं पाणी. बाकीच्यात पाण्याच्या दोन मऊ बाटल्या, डोक्याला बांधायची विजेरी, विंडचीटर, चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट, क्रेप बँडेज, ओआरएसची दोन पाकिटं, राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि फोन. तिशीत राजगडाला मुक्कामी जायचो तेव्हा पाठीवरची सॅक अकरा किलोंची असायची. आज मी उजाडताना चढायला लागतो आणि जेवणाच्या वेळेला पायथ्याच्या गुंजवण्यात परत असतो. वय सत्तावन्न.

सव्वीस वर्षं डोंगरात पळतो आहे. सोसायटीत, कचेरीत, लग्नाच्या पंगतीत लोक मला हमखास एकच विचारतात: याला खर्च किती येतो? बरेच जण विचारण्याआधीच हजारोंची खरेदी करून बसलेले असतात. म्हणून सगळा हिशेब एकदा मांडतो. दर पुण्यातल्या दुकानांचे आहेत, सणासुदीची सवलत न धरता, गोळाबेरीज करून. तुमच्या गावात थोडं इकडे-तिकडे होईल.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. सॅक अकरा किलोंवरून तीन किलोंवर आणायला जवळजवळ काहीच पैसे लागत नाहीत. त्यासाठी वस्तू घरी ठेवाव्या लागतात. तीनावरून दोनावर यायला चार-पाच हजार लागतात. त्यापुढचे दोन-तीनशे ग्रॅम कमी करायचे तर दहा-पंधरा हजार जातात. आमच्या ओळखीत अनेकांचे पैसे या शेवटच्या टप्प्यात गेले आहेत, आणि ते वाचावेत एवढ्यासाठी हा लेख आहे. अडीचशे ग्रॅमचं साधं विंडचीटर हजार-बाराशेला मिळतं. सव्वाशे ग्रॅमचं परदेशी घ्यायचं तर सात-आठ हजार. मधला फरक अर्ध्या पेल्या पाण्याएवढा.

बूट

पहिल्या वर्षातला सर्वात मोठा आणि सर्वात योग्य खर्च हाच.

सह्याद्रीची जमीन समजली तर बूट निवडणं सोपं जातं. पावसाळा सरला की वाटांवर घसारा सुरू होतो. कोरड्या कातळावर पसरलेला बारीक मुरूम, त्यावर वाळलेलं गवत. उतारावर पाय टाकला की मुरूम सुपातल्या ज्वारीसारखा पायाखालून सरकतो. रस्त्यावर पळायच्या बुटांचा तळ सपाट आणि मऊ असतो, तो इथे धरत नाही. ट्रेलच्या बुटाला तळाशी रबरी दात असतात. आपल्याकडे चार ते पाच मिलिमीटरचे दात पुरतात. सहा-सात मिलिमीटरचे खोल दात चिखलासाठी असतात. ते कातळावर टोचतात आणि लवकर झिजतात.

असा बूट साडेतीन ते सहा हजारांत मिळतो. डेकॅथलॉनसारख्या दुकानात खालच्या टोकाला, जुन्या नावाजलेल्या कंपन्यांचा वरच्या टोकाला. त्यापुढे बारा ते अठरा हजारांची रांग आहे. ते बूट हलके असतात, पायाला गोड लागतात, पण आयुष्य तेवढंच. ट्रेलचा बूट साधारण ६०० ते ८०० किलोमीटर चालतो, मग तळाचा फोम बसतो. साडेचार हजारांचा बूट ७०० किलोमीटर चालला तर किलोमीटरला साडेसहा रुपये पडले. चौदा हजारांचा पडला वीस रुपयांना. सुरुवात करणाऱ्याने महागड्या बुटाच्या वाटेला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

त्याहून स्वस्तात भागवायचं असेल तर आपल्या ट्रेकरांचा जुना साथी आहेच: ॲक्शनचा ट्रेकिंग शू. हजार-बाराशेच्या आसपास. वजनाला जड, तळ कडक, लांब पळायला योग्य नाही. पण त्याचं रबर कातळाला जे धरतं ते भल्याभल्यांना जमत नाही. पहिले दोन-तीन महिने चढ चालत आणि सपाटीला पळत काढायचे असतील तर तो पुरे. आवड टिकली तर पुढचा घ्या.

वॉटरप्रूफ बूट मात्र घेऊ नका. दोन-तीन हजार जास्त घेतात आणि दुकानदार ते पावसाळ्याच्या नावाखाली विकतात. आपल्या पावसात पाणी वरून, घोट्यातून आत शिरतं. एकदा शिरलं की त्या पडद्यामुळे बाहेर पडत नाही. जाळीचा साधा बूट ओढा ओलांडल्यावर पंधरा मिनिटांत पाणी टाकतो. आणि जुलैतल्या शेवाळलेल्या कातळावर कोणत्याही किमतीचा बूट धरत नाही. तिथे पळायचं नसतं, हात टेकत जायचं असतं.

माप घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय फुगलेला असतो, पळताना तसाच फुगतो. पळायचे मोजे बरोबर न्या. बूट बांधून उभं राहिल्यावर सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. दुकानात उतरण नसेल तर जिन्यावरून चार वेळा उतरून पाहा. बोटं पुढे आपटली तर अर्धा नंबर वाढवा.

हे मला एका चुकीने शिकवलं. काही वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून सेलमध्ये बूट मागवले. नेहमीचाच नंबर, त्यामुळे घरी घालून पाहिले नाहीत, थेट तोरण्याला नेले. १४०३ मीटरचा तो गड उतरताना पहिल्या तासातच अंगठे पुढे आपटायला लागले. वेल्ह्यात पोचून मोजे काढले तर दोन्ही नखं काळी. पुढच्या महिन्यात दोन्ही गळली. विक्रेत्याने बूट परत घेतले नाहीत, कारण तळाला माती लागली होती. त्याच्या नियमात ते बसत होतं. तेव्हापासून नवे बूट दोन दिवस घरातल्या फरशीवरच घालतो, खोका आणि लेबल जपून ठेवतो, आणि परत करायची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहितो.

कराबद्दलही माहीत असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्यांवर १८ टक्के. छापील किमतीत हा कर धरलेलाच असतो. छापील किमतीवर कुणी वेगळा कर लावत असेल तर देऊ नका.

शेवटचं मोच्याचं. ट्रेलचा बूट तळ झिजण्याआधी बहुतेक वेळा करंगळीच्या बाजूला फाटतो. आमच्या कोपऱ्यावरचे मोची काका आतून कातड्याचा तुकडा लावून बाहेरून बारीक टाके घालतात. दीडशे रुपये घेतात आणि बूट आणखी दोन-अडीचशे किलोमीटर जातो. पहिली फाट दिसली की लगेच न्या, भोक मोठं झाल्यावर टाका धरत नाही.

मोज्यांवर पैसे वाचवू नका. सुती मोजा घाम धरतो आणि फोड आणतो. पॉलिएस्टर-नायलॉनचे चांगले मोजे तीनशेला जोडी मिळतात, तीन जोड्या वर्ष काढतात.

पाठीवर आणि डोक्याला

विजेरी हजाराच्या आत-बाहेर चांगली मिळते. दोनशे ल्युमेन पुरेत. किमतीपेक्षा हे पाहा की पट्टा घट्ट बसतो का, बटण काळोखात बोटांना सापडतं का, आणि चार्जिंगची असेल तर मंद प्रकाशावर किती तास चालते. पहाटे पाचला निघायचं असेल तर फोनचा उजेड चालत नाही, कारण पडताना हात मोकळे लागतात.

पाणी वाहून न्यायला पहिल्या महिन्यात हातातली अर्ध्या लिटरची बाटली बास. टेकडीवर तासाभराच्या पळण्याला आणखी काही लागत नाही. दोन तासांच्या पुढे जायला लागलात की व्हेस्ट घ्या. पाठीला चिकटून बसणारं, छातीवर दोन बाटल्यांचे खिसे असलेलं, पाच लिटरचं. अडीच ते साडेतीन हजार. दुकानात बाटल्या पाण्याने भरायला लावा आणि व्हेस्ट घालून जागच्या जागी उड्या मारा. हिंदकळलं तर परत ठेवा. महागड्या व्हेस्टमध्ये आणि यात खिशांची संख्या आणि कापडाचा फरक असतो. व्हेस्ट जुनंही चालतं. पळणाऱ्यांच्या गटांत ते अर्ध्या किमतीला मिळतं. जुने बूट मात्र कुणाचेही घेऊ नका, त्यांचा फोम पहिल्या मालकाच्या पावलाने बसलेला असतो.

इमर्जन्सी ब्लँकेट दीडशे-दोनशे रुपये, वजन साठ ग्रॅम. दहा वर्षांत मी ते एकदाच उघडलं. ऑगस्टमध्ये धुक्यात एका मुलीचा घोटा मुरगळला, भिजलेल्या अंगाने ती दोन तास एका जागी बसली होती आणि तिचे दात वाजत होते. तेवढ्या एका वेळेसाठी साठ ग्रॅम मी आयुष्यभर वाहीन. शिट्टी बहुतेक व्हेस्टच्या पट्ट्यालाच असते. नसेल तर वीस रुपयांची घ्या.

काठ्या पन्नाशीनंतर घ्याव्यात, किंवा उतारावर गुडघा कुरकुरायला लागला की. ॲल्युमिनियमची जोडी दोन-तीन हजारांत येते. कार्बनची आठ हजारांच्या पुढे जाते आणि दगडात अडकली की मोडते.

जीपीएसचं घड्याळ, पोटऱ्यांचे कॉम्प्रेशन मोजे, खास गॉगल, प्रोटीनचे डबे यांतलं पहिल्या वर्षी काहीही लागत नाही. वाटेच्या नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी फुकट ॲप आहेत. घरी वाय-फायवर तो भाग उतरवून घ्या म्हणजे रेंज गेली तरी नकाशा दिसतो.

खाणं-पिणं

पळणाऱ्यांचं जेल शंभर ते दीडशे रुपयांना एक मिळतं आणि त्यात साधारण शंभर कॅलरी असतात. तेवढ्याच कॅलरी चार-पाच साध्या खजुरांत असतात, दहा-बारा रुपयांत. चिक्की शंभर ग्रॅमला पाचशेच्या आसपास कॅलरी देते, म्हणजे वजनाच्या हिशेबातही ती जेलपेक्षा सरस. पण अडचणी सांगायला हव्यात. कोरड्या तोंडाला चिक्की दाढेत चिकटून बसते. राजगिऱ्याचा लाडू धापा टाकत खाल्ला तर दाणे श्वासाबरोबर घशात जातात आणि ठसका लागतो, म्हणून तो थांबून, पाण्याबरोबर खावा. खजुराच्या बिया घरीच काढा. जेलचा खरा उपयोग सहा-आठ तासांच्या पुढे, जेव्हा काहीही चावायची इच्छा राहत नाही. त्याआधी त्यावर पैसे घालू नका.

ओआरएसचं पाकीट घेताना चष्मा लावून वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं आणि ते एक लिटर पाण्यात घालायचं असतं. त्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट. किंमत वीस-बावीस रुपये. दोनशे मिलिलिटरची छोटी पाकिटंही असतात. मोठं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत सगळं ओतलं तर ते दुप्पट घट्ट होतं आणि पोट बिघडतं. मी घरीच अर्धं-अर्धं करून दोन पुड्या बांधतो. नावात ओआरएस मिरवणारी गोड पेयं वर्षानुवर्षं बाजारात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. तरी दुकानात जुना माल दिसला तर सोडियमचा आकडा पाहा. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

गडावर जे मिळतं ते तिथेच घ्या. ताक, लिंबूसरबत वीस-तीस रुपयांना मिळतं. सिंहगडावर मडक्यातलं दही आहे, पिठलं-भाकरी आहे. तेवढं वजन खालून वर न्यावं लागत नाही आणि पैसा पायथ्याच्या गावात राहतो.

गाडीभाडं

वर्षाच्या हिशेबात बुटांपेक्षाही जास्त पैसा इथे जाऊ शकतो, आणि हा खर्च कुणी मोजतच नाही.

घराजवळची टेकडी फुकट आहे. पुण्यात वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती. साताऱ्यात अजिंक्यतारा आणि यवतेश्वर. नाशकात पांडवलेणी आणि रामशेज. आठवड्यातले दोन दिवस तिथे काढले तर रविवारी लांब जायची वखवख कमी होते. रविवारसाठी सिंहगड. स्वारगेटहून पीएमपीची बस पायथ्याला सोडते, जायला पन्नासेक रुपये. आतकरवाडीहून पुणे दरवाजापर्यंतची वाट साधारण पावणेतीन किलोमीटरची आणि चढ सहाशे मीटरच्या आसपास. चालणाऱ्याला तास-सव्वा तास लागतो. चाळिशीत मी ही वाट अडतीस मिनिटांत चढायचो, आता पंचावन्न लागतात. गाडीने वर जाणाऱ्यांना घाटाच्या नाक्यावर उपद्रव शुल्क पडतं. लोहगडला जायचं तर लोणावळा लोकलने मळवलीला उतरा, तिकीट चहाच्या कपाएवढं. राजगडाबरोबर लोहगडही २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आहे. त्यामुळे रविवारी गर्दी असते, सातच्या आत वर पोचा.

लांबचा बेत म्हणजे कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. पुण्याहून पायथ्याच्या बारीपर्यंत दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. गाडीचं पेट्रोल आणि टोल मिळून जाऊन-येऊन तीन हजार धरा, चौघांत साडेसातशे. गावात जेवण दीडशे ते अडीचशे. हा भाग अभयारण्यात येतो, तिथे प्रवेश शुल्क आहे. एकट्याने गाडी काढून असे वर्षात दहा बेत केले तर तीस हजार गेले. चौघांनी मिळून चार केले तर तीन हजारांत भागतं.

स्पर्धेची फी

शर्यती आता भरपूर आहेत. सिंहगड-राजगड-तोरणा ही तीन गडांची शर्यत हिवाळ्यात होते, तिच्यात छोट्या अंतरापासून १०० किलोमीटरपर्यंतचे गट असतात. डोंगरातल्या शर्यतींची फी अंतराप्रमाणे दीड हजारापासून सहा हजारांपर्यंत जाते. त्यात वाटेवरच्या खुणा, पाणी-खाण्याची ठिकाणं, रुग्णवाहिका, शेवटच्या माणसामागून चालणारे स्वयंसेवक, परवानग्या आणि टी-शर्ट-पदक येतं. यातली पहिली चार कामं नीट होणार असतील तरच फी भरा, टी-शर्ट घरी पुष्कळ साठतात.

भरण्याआधी आयोजकाला फोन करून चार गोष्टी विचारा. दोन पाणवठ्यांत किती किलोमीटर आहेत? वाटेवर डॉक्टर कुठे असतील? वेळेत न पोचलेल्याला खाली कसं आणता? शर्यत रद्द झाली तर पैशांचं काय? उत्तरं फोनवर मिळाली तरी ईमेलवर मागून घ्या. साहसी पर्यटनाचे उपक्रम घेणाऱ्या संस्थांसाठी राज्य शासनाने २४ ऑगस्ट २०२१ रोजी धोरण आणलं. त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्या कुणालाही हा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका.

एका वर्षी मी एका शर्यतीची अडीच हजार फी भरली. आठ दिवस आधी ती पावसामुळे रद्द झाली आणि आयोजकांनी अटीतलं एक वाक्य दाखवलं: फी परत मिळणार नाही, पुढच्या वर्षी वर्गही होणार नाही. पाऊस कुणाच्या हातात नसतो आणि टी-शर्ट छापून झालेले असतात, हे मला मान्य आहे. पण पाणवठे लागले नाहीत, रुग्णवाहिका उभी राहिली नाही, तेवढा वाटा तरी परत यायला हवा होता. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. पावती, अटींचा स्क्रीनशॉट आणि रद्द झाल्याचा ईमेल जोडला. तीन आठवड्यांनी निम्मे पैसे खात्यात आले.

तसं झालं नसतं तर पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची होती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराच्या तक्रारीला आयोगात शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार घरबसल्या ऑनलाइन करता येते. मुदत दोन वर्षांची. ग्राहकावर अवाजवी ओझं टाकणारी एकतर्फी अट याच कायद्याखाली आव्हान देण्याजोगी ठरते. अडीच हजारांसाठी कोण जाणार, असं म्हणत आपण सगळे गप्प बसतो, आणि ती अट पुढच्या वर्षीच्या अर्जात जशीच्या तशी छापली जाते.

परदेशाचं स्वप्न असलेल्यांसाठी एवढंच. फ्रान्समधल्या शामोनीची माँ ब्लाँ भोवतीची मोठी शर्यत १७० किलोमीटरच्या वर जाते, चढ दहा हजार मीटरच्या आसपास. तिथे जाण्याआधी त्याच मालिकेतल्या दुसऱ्या शर्यतींत पळून 'रनिंग स्टोन' जमवावे लागतात, मग सोडतीत नाव निघावं लागतं. शेंगेन व्हिसाला ९० युरो, आणि किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा. तो घेताना डोंगरातून हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च त्यात आहे का, ते लेखी विचारा.

दवाखाना आणि विमा

चाळिशी ओलांडली असेल किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर बूट घेण्याआधी डॉक्टरांकडे जा. ईसीजी आणि गरज वाटली तर स्ट्रेस टेस्ट, मिळून दोन-अडीच हजार. एवढा एक खर्च पुढे ढकलू नका.

घोटा मुरगळणं हे आपल्या खेळातलं नेहमीचं दुखणं. फिजिओथेरपीची बैठक पाचशे ते आठशेला पडते, सहा बैठका म्हणजे तीन ते पाच हजार. हे वाचवायचा उपाय फुकट आहे. रोज दात घासताना एका पायावर उभं राहा, दोन मिनिटं एक, दोन मिनिटं दुसरा. मी अकरा वर्षं करतो आहे. आणि उतार मुद्दाम हळू शिका. चढताना दम लागतो, पण गुडघे उतरताना जातात. मला पन्नाशीत हे कळलं, तुम्हाला पंचविशीत कळलं तर पुढची चाळीस वर्षं पळाल.

आरोग्य विम्याबद्दल गैरसमज खूप आहे. पॉलिसीत साहसी खेळांचं कलम असतं, त्याचा प्रमाणित क्रमांक एक्सल ०९. ते वाचून लोक घाबरतात. त्यातला महत्त्वाचा शब्द व्यावसायिक हा आहे. व्यावसायिक खेळाडू म्हणून साहसी खेळात भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च त्या कलमाने वगळला आहे. रविवारी हौसेने पळणारा त्यात येत नाही. अपघात विम्याच्या पॉलिसीत मात्र कलम वेगळं आणि कडक असू शकतं, ते वाचूनच सही करा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तर बँकेत सांगून सुरू करा: वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला दोन लाख.

फुरसं सह्याद्रीत दगडाखाली असतंच. चावलं तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चावलेला भाग हलवायचा नाही. १०८ ला फोन करायचा. ती रुग्णवाहिका मोफत आहे आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवरची लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. आग्यामोहोळ असलेल्या कड्याखाली अत्तर लावून किंवा आरडाओरडा करत जाऊ नका.

वर्षाचा हिशेब

पुण्यात राहणाऱ्या, आठवड्याला पंधरा किलोमीटर पळणाऱ्या माणसाचं पहिलं वर्ष धरू. बूट साडेचार हजार, मोजे नऊशे, पॉलिएस्टरचे दोन टी-शर्ट आणि दोन शॉर्ट दीड हजार, विजेरी एक हजार, व्हेस्ट तीन हजार, विंडचीटर बाराशे, ब्लँकेट-बँडेज-ओआरएस सहाशे. वर्षात चोवीस रविवार बस, चहा, ताक धरून दीडशे रुपयांप्रमाणे छत्तीसशे. बेरीज १६,३०० रुपये. एक शर्यत, तिची फी आणि जाणं-राहणं धरून साडेचार हजार: २०,८०० रुपये. दुसऱ्या वर्षी व्हेस्ट, विजेरी, विंडचीटर तेच चालतं. नवे बूट, मोजे, प्रवास, एक शर्यत आणि किरकोळ मिळून चौदा-पंधरा हजार. माझं विंडचीटर नऊ वर्षांचं आहे, चेन एकदा बदलली, साठ रुपये.

हे सगळं एकदम घेऊ नका. पहिल्या महिन्यात बूट, मोजे आणि बसचं तिकीट, एवढंच. दिवस उजाडल्यावर निघा म्हणजे विजेरी लागत नाही. चार रविवार सलग गेलात तर पाचव्याला विजेरी घ्या, तिसऱ्या महिन्यात व्हेस्ट, आणि शर्यतीची फी पावसाळा संपल्यावर. निघताना कोणत्या वाटेने जाताय आणि किती वाजता परत येताय ते घरी सांगून जा. खिशात दहा-वीसच्या सुट्या नोटा ठेवा, गडावर ताक विकणाऱ्या मावशींच्या फोनला रेंज नसते.